दुधात पडलेली माती

शिंकं करून द्या म्हणून मला गळ घालू नका, बायांनो. गाठी अजून हाताला येत्यात, पण मी करत न्हाई.

पोलीस ॲक्शन होऊन सालभर झालं असंल. वालूरला मी नवी सून. सासरे लय हौशी. घराचं माळवद गळायलं, तर गवंडी न लावता सोताच वर चढले अन् पांढऱ्या मातीचा चांगला जाड थर दिला. मी तवर अंबाडीच्या दोरीचं शिंकं गाठलं, खाली गोंडे सोडून. त्यांनीच ते कौतुकानं मधल्या तुळईला टांगलं अन् त्यात दुधाचं गाडगं ठेवलं.

आठ दिवसांनी मी म्हणलं, "मामा, दुधात माती पडायलीय."

वर बघून म्हणले, "नवी माती हाय, बसायलीय. तू शिंकं दाराकडं टांग."

मी टांगलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी इचारलं, "आता पडायलीय का?"

"न्हाई मामा, दूध साफ हाय."

"मग झालं तर," म्हणले, अन् जेवण करून मधल्या तुळईखालीच आडवे झाले.

तुळई आतून वाळवीनं खाल्लेली. भर दुपारी मोडली अन् ती सगळी माती त्यांच्यावर आली. गावानं फावड्यांनी उपसली, पर उपयोग झाला न्हाई.

दाराकडं माझं शिंकं तसंच लटकायलं होतं. सासूबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"दूध हलवलंस, सूनबाई," म्हणल्या. "माणूस हलवायचा राह्यला."