एकेचाळीस खोकी

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या सहकारी डेअरीच्या प्रमुख हिल्का योकेलाबाई, मंचावरचे सन्माननीय पाहुणे, दूध घालणारे शेतकरी बंधू-भगिनी, टाक्या, पॅकिंग आणि धुलाई या तिन्ही विभागांतले माझे सोबती, आणि ज्यांच्या निरोपासाठी हापावाराच्या या कँटीनमध्ये आज जागा पुरत नाहीये त्या, आज निवृत्त होणाऱ्या इर्या काल्लुन्कीबाई, आपणा सर्वांना तापानी राउतिओचा नमस्कार.

उत्पादनप्रमुख या नात्याने चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. कॉफी गार होईल याची मला कल्पना आहे. आपल्या रिवाजाप्रमाणे चीजचा तुकडा त्यात बुडवून ठेवा, तेवढ्यात आवरतो.

इर्याबाईंची इथली चौतीस वर्षं! मी इथे लागलो त्या दिवशी इर्याबाईंनी माझ्यापुढे तीन पेले ठेवले. "पी आणि सांग." एकात पूर्ण सायीचं दूध, एकात अर्ध्या सायीचं, एकात बिनसायीचं. मी दोन चुकलो. तर म्हणाल्या, "अरे, तुमच्या घरी गायी होत्या ना? की नुसत्या शेपट्या मोजायचास?" सगळे हसले. मग त्या हळूच म्हणाल्या, "तू चव घेऊन चुकलास. दुकानात उभ्या माणसाला तर चवही घेता येत नाही. त्याच्या हातात फक्त खोकं असतं."

ताक टाकीत लागतं आणि मग खोक्यात उतरतं. वीलीचं दही मात्र वाटीतच लागतं, म्हणून वाटी हलवायची नाही. सायीच्या डब्याला उजेड सोसत नाही. हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. त्या काळी आपली खोकी लांबून ओळखू यायची. लाल म्हणजे पूर्ण सायीचं, गडद निळं अर्ध्या सायीचं, फिकं निळं बिनसायीचं, हिरवं म्हणजे ताक. पुढे आपण ओट्सचं दूधही भरायला लागलो, आणि त्याच वर्षी नवी वेष्टनं आली. सगळी पांढरी, कडेला बोटभर पट्टी. बिनसायीच्या दुधाची पट्टी फिकी निळी, ओट्सची फिकी करडी. बैठकीत इर्याबाई उठून म्हणाल्या, "सगळ्या लेकरांना एकच सदरा घातलात. अंधारात हाक कुणाला मारायची?" आम्ही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मी.

माझ्या हातातल्या कागदावर पुढचं वाक्य असं आहे: "त्यानंतर इर्याबाईंनी धुलाई विभागात आनंदाने बदली स्वीकारली."

आनंदाने? मीच लिहिलंय हे. बदलीच्या हुकमावर सहीसुद्धा माझीच होती.

नऊ वर्षांपूर्वीचा तो फेब्रुवारी इथे कुणाला सांगायला नको. सेल्मा हुओविनेन, वय वर्षं सोळा. तिला लहानपणापासून दूध चालत नव्हतं, थेंबभरसुद्धा. तिच्या आई, मार्केत्ताबाई, तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसल्या आहेत. इर्याबाईंनीच त्यांना बोलावलं. मार्केत्ताबाई, पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. इर्याबाई सोडून कुणालाच नाही.

त्या सकाळी दहाला लाइनवर ओट्सचं दूध संपवून बिनसायीचं सुरू करायचं होतं. अशा वेळी ओट्सची उरलेली रिकामी खोकी काढून मोजायची, असा नियम. इर्याने मोजली आणि लाइन थांबवली. पाळीचा मुकादम मी होतो.

"एकेचाळीस कमी भरतायत. दुधाच्या गठ्ठ्यांत मिसळली असणार."

"अगं, छापखान्यानेच कमी पाठवली असतील."

"मग गठ्ठे सोडून बघू. अर्धा तास दे."

"बाहेर ट्रक उभा आहे. वादळ आलं की उत्तरेचा रस्ता बंद. अर्धा तास कुठून आणू?"

"तापानी, ऐक माझं."

"सही कर आणि लाइन सोड, इर्या. मी आहे ना!"

मी आहे ना, असं म्हणालो मी.

तिने मोजणीच्या कागदावर सही केली. ओट्सच्या एकेचाळीस खोक्यांत गाईचं दूध भरलं गेलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी सेल्माने त्यातलं एक आपल्या लापशीवर ओतलं. तिच्याजवळचं अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन तिने घेतलं, आईने दुसरंही दिलं. रुग्णवाहिका बर्फातून यायला तास लागला. तोवर सेल्मा गेली होती. नंतर रेडिओवरून सांगून आपण बाकीची चाळीस परत मागवली.

चौकशीत विचारलं, सही कुणाची? इर्या म्हणाली, "माझी." मी शेजारी उभा होतो. फरशीकडे बघत.

कपडे बदलायच्या खोलीत मी तिला म्हटलं, "मी सांगतो त्यांना." ती म्हणाली, "मग सांग ना. मी काय तुझं तोंड धरलंय?" मी म्हटलं, उद्या. मग मला बढती मिळाली आणि ती क्रेट धुवायला गेली.

एकदा तिला विचारलं, तू का नाही बोललीस? पाण्याचा नळ बंद न करताच म्हणाली, "हात माझा होता. माझं मी मार्केत्ताला सांगितलंय. तुझं तू बघ." पहिलं वर्षभर मार्केत्ताबाईंनी तिला दार उघडलं नाही. ही दर शनिवारी जायची, त्यांच्या अंगणात सौनाच्या न्हाणीचं सरपण फोडायची, रचायची आणि परत यायची.

आज सकाळी मी हे सगळं लिहून हिल्काबाईंना दिलं आहे, आणि अन्न तपासणी कचेरीलाही. राजीनामा त्यातच आहे. नाही, टाळ्या नकोत. कृपा करून नकोत.

मार्केत्ताबाई, तुम्ही उठलात. जायचं असेल तर...

त्या इर्याच्या शेजारी जाऊन बसल्या आहेत. बरं झालं. माझ्याकडे बघू नका, खरंच नको.

तर, अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, स्वयंपाकघरातल्या मंडळींनी पहाटेपासून राबून फराळ केला, आणि तुम्ही सगळे घसरड्या रस्त्यावरून आलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. इर्या, तू शिकवलंस, त्याबद्दलही. बोलताना शब्द पुढेमागे झाले असतील, कुणाचं नाव राहिलं असेल, तेवढं सभेने पोटात घालावं. बाकीचं घालू नये.