कोकरांची हाक

न्हाय मॅडम, फोटो कुठं पळून जात न्हाय — त्यो काय भिंतीवर, फेट्यातला, खांद्यावर काठी, त्येच आमचे आबा. माजे सासरे. तुमच्या भीमातीर विद्यापीठाला पन्नास वर्सं झाली, पुस्तक काढताय, घाला की त्यात. माजी ना न्हाय. पर फोनवर काय ठरलं हुतं आपलं? आबांच्या हाकांची टेप सापडली म्हनला न्हवं? मग आधी ती ऐकवा. टेप आधी, फोटो मागनं. च्या घ्या, गार हुतोय.

आन हितिहास मला इचारताय? चौथी शिकलेल्या बाईला? बरं, सांगते. मी जन्मली बी नसंन तवा तुमचं विद्यापीठ निघालं. पयलं निस्तं बीए, बीकॉम. मग शेतीचा वर्ग आला, मग कंपुटर — हितल्या पोरांना बारामतीपातूर कालिजं झाली, खोटं कशाला बोलू, लई जनांचं कल्याण झालं. आन मधीच कुनाच्या तरी डोक्यात आलं, बोलीभाषेचा वर्ग काढू. म्हनून ते रणजित सर आले हितं, पँटीला ही कुसळं चिकटलेली! म्हनले, आबा, मेंढरांना तुमी कशा हाका मारता त्या टेप करायच्यात, पोरं अभ्यास करत्याल. आबा हसून बेजार. म्हनले, मेंढराला बिनशिकता कळतंय त्याला कालिज कशाला? त्यापरीस मेंढरंच न्ह्या की वर्गात, फी भरतो! — पर म्हातारा खुलला हो. सगळा जल्म माळावर गेला, कुनी कधी काय इचारलंच न्हवतं त्याला.

मग दिल्या हाका. पान्यावर न्ह्यायची येगळी, लांडग्याची चाहूल लागली तर येगळी. आन दिस मावळताना कोकरांची. दिसभर कोकरं वाघरात, म्हंजी जाळीच्या कुंपनात, आन त्यांच्या आया चराया गेलेल्या. त्या आल्या की आबा लांबनं हाक द्यायचे — येऽऽ गं येऽऽ — की सुटली कोकरं, जो तो आपल्या आईला बराबर हुडकून काढतोय. आन त्यांच्यासंगं आमचं दोन पायाचं कोकरू बी. ब्यां करीत यायचं, ते नीट माज्या पदरात. नात वो आबांची. रेश्मा. माजी. — तर त्या हाकंच्या टायमाला सर म्हनले, पोरीला जरा लांब न्ह्या, कालवा हुतोय. आबा म्हनले, ती हितंच ऱ्हानार. हाक दिली आन ओ आलाच न्हाय, तर ती हाक कसली?

म्हनून ती बी हाय टेपवर. … तुमाला ठाव न्हवतं? कसं असंल.

पुढं मेंढरं इकली. डाळिंब लावलं, शेततळं खांदलं. त्यात प्लास्टिकचा कागद अंथरत्यात, बघितलाय न्हवं? शेवाळ धरलं की मोठ्या मान्साला वर येता येत न्हाय. ती तर सा वरसाची. … न्हाय, पानी नको मला. बसा तुमी. आबा त्याच साली गेले.

विद्यापीठात गेलते की मी, टेप मागाया. तवर सर रिटायर, वर्ग बंद, त्या खोलीत दुसराच कोर्स. पुना गेले तर येक सायेब इचारतोय, बाई, तुमी कोनच्या वर्गाला? म्हनलं, चौथीला! फोटो हाय वो तिचा, अंगनवाडीतला. पर फोटो बोलतोय व्हय? आन मला — आता कुनाला सांगत न्हाय मी हे, मालकाला बी न्हाय — मला तिचा आवाज आठवत न्हाय. डोळं झाकून बसते, तर दुसऱ्याच कुनाची पोर बोलती. आईला इसरावा व्हय आवाज? … लावा. लावा आता.

… आबाच. खोकला बी त्योच. … ही पान्याची. … आता ही, आता बघा — ऐकली? आता ती…

म्होरं गेलं का? मागं घ्या. परत लावा. … हाक हाय. त्याच्या म्होरं? सगळं चिडीचाप कसं काय?

काय केलंय? — साफ? म्हंजी? मशिनीनं मागचा कालवा काढला? लोकांना चांगलं ऐकू यावं म्हनून. … आन जुनी टेप? मान खाली नका घालू मॅडम, माज्याकडं बघून सांगा. … बुरशी. … टाकून दिली.

बरं.

न्हाय, तुमाला कशाला बोलू? तुमी काल आलेली पोर. आबांनीच सांगितलं हुतं त्या सरांना तोंडानं, पोर हितंच ऱ्हानार. शिकल्याली मान्सं, आयकत्यात व्हय.

येकदा लावा परत. … बघा की, म्हातारा हाक देतोय, देतोय, आन माळावर कुनीच न्हाय. निदान मी तरी ओ द्यावा — थांबा, बोलू नका —

न्हाय, तसं न्हाय. ब्यां कशी करायची ती? कशी करायची?

बंद करा त्ये. फोटो घ्या, खिळ्यावरनं काढून घ्या. आन जावा. जावा म्हनते न्हवं!