शिट्टीचा कुकर

(जपानमधलं कोबे. नाटक सुटल्यावर जयंती आणि तिचे सासरे उल्हासराव स्टेशनकडे चालले आहेत.)

जयंती : बाबा, थांबा ना जरा. नाही का आवडलं नाटक?

उल्हासराव : स्टेजवरचा कुकर आपला होता.

जयंती : हो. इथे शिट्टीचा मिळत नाही. नाटकासाठी केतेवाननं मागितला, मी दिला.

उल्हासराव : दोन दिवस विचारतोय मी, कुकर कुठे गेला. तू म्हणालीस, रिंग खराब झालीय.

जयंती : चुकलंच माझं.

उल्हासराव : जपानी मला कळत नाही गं. पण बाहेर कुणी दार बडवतंय आणि आत शिट्ट्या होतायत, एवढं कळतं. ब्याण्णवची दंगल. सकाळी आपल्या शेजारचा हनीफ जिन्यात मेलेला सापडला.

जयंती : नाव नाही घातलं तिनं. तुमचंही नाही.

उल्हासराव : आहे कोण ही बाई?

जयंती : लेखिका. जॉर्जियात जन्मली, लहानपणीच लढाईत गाव सुटलं. कादंबऱ्या, नाटकं, सगळं त्यावरच. आपल्या खालच्या मजल्यावर राहते. चहाला आली होती, तिकडचं सांगत होती, आणि मलाही सांगावंसं वाटलं. चार वर्षांत इथे मला कुणी 'मग पुढे?' असं विचारलंच नव्हतं, बाबा. आता लाज वाटते.

उल्हासराव : आणि मला कशाला आणलंस?

जयंती : सांगायचा धीर होत नव्हता. वाटलं, तुम्हाला भाषा कळणार नाही, पण तुमच्यापासून लपवलं असंही होणार नाही.

उल्हासराव : वा!

जयंती : पण तुम्हाला वाईट नाही दाखवलं हो, शपथ. आई सांगायच्या तेच सांगितलं. कुकर चालू होता, म्हणून दार ऐकू आलं नाही. लोक रडत होते, बघितलंत ना? तुमच्यासाठी.

उल्हासराव : तेच बघवेना.

जयंती : उद्या शेवटचा प्रयोग आहे. कुकर परत आणू? त्याशिवाय होणार नाही तो.

उल्हासराव : नको. होऊ दे. तिला फक्त एक दुरुस्ती सांग.

जयंती : कसली?

उल्हासराव : तुझ्या सासूनं जन्मभर मला सांभाळून घेतलं. दार आधी वाजलं, जयंती. 'उल्हासभाई, उल्हासभाई' करत होता. कुकर मी नंतर लावला.

जयंती : बाबा...

उल्हासराव : तांदूळसुद्धा नव्हते त्यात. नुसतं पाणी.