बिल्ला आन डोरलं

मी मूळची राहुरीकडची, मुळा धरणाच्या खालच्या अंगाला आमचं गाव. आज्यापासून आमी ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत शिपाई हुते, घंटा द्यायचे, त्यांची घंटा कधी चुकली न्हाई असं म्हातारी मानसं अजून सांगत्यात. बारावी झाले तवा वडील म्हनले नर्स हो, आपल्यातल्या समद्या पोरी नर्स हुत्यात. पन काय सांगू तुमाला, मला रक्त बघवत नव्हतं, इळीनं बोट कापलं तरी मी मटकन खाली बसायची. मंग कुनीतरी सांगितलं का एक्स-रेचा कोर्स असतो, तिथं मानूस आतून बघायचा पन रक्ताचा थेंब दिसत न्हाई. मी म्हनलं हेच माझं.

लगीन झालं, लेक झाली, आन लेक चार वर्षांची असताना मालक गेले. ते काय आता उगाळत बसत न्हाई. तवा नोकरी मिळंल तिथं जायचं हुतं आन मिळाली ती राजूरच्या पुढं, डोंगरात, एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात, नाव राहू द्या. आईनं लई रडून घेतलं, म्हनली तिथं पाऊस किती, वारं किती, तुझं कोन हाय तिथं. आता लेक पुन्यात नोकरीला हाय आन मी अजून तिथंच हाय, आन खरं सांगायचं तर मला आता राहुरीच्या सपाटीवर गेलं का करमत न्हाई.

आता लोकांना वाटतं एक्स-रेचं मशीन म्हंजी मिक्सरसारखं, आनलं, प्लग घातला, झालं. तसं न्हाई. त्याला सरकारचा परवाना लागतो. खोली केवढी, भिंत किती जाड, दाराला आतून शिशाचा पत्रा हाय का, बाहेर लाल दिवा लागतो का, चालवनारीकडं सर्टिफिकेट हाय का, समदं लिहून द्यावं लागतं, आन काही वर्षांनी परत नवा करावा लागतो. लाल दिवा लागला का बाहेरची मानसं एकदम गप व्हायची, एका आजोबांनी तर त्याला हात जोडले, मला हसावं का रडावं कळंना. आन त्या समद्यात महत्त्वाचा म्हंजी बिल्ला. प्लास्टिकचा, आगपेटीपेक्षा थोडा मोठा, छातीला लावायचा. माझ्या अंगावर किती किरनं पडली ते तो मोजतो. दर तीन महिन्यांनी तो मुंबईला तपासायला जायचा आन नवा यायचा. मी त्याला लई जपायची, का तर आमच्या दवाखान्यात सरकारनं माझ्या नावानं दिलेली ती एकच वस्तू हुती.

आन घोळ झाला तो त्याच्यावरूनच.

आमच्याकडं डोंगरातल्या बाया येत्यात. छातीचा न्हाईतर खांद्याचा फोटो काढायचा म्हनलं का गळ्यातलं काढावं लागतं, न्हाईतर फोटोत तेच दिसतं. पन डोरलं काढून टेबलावर ठेवायला कोन तयार? एक तर अशुभ, आन दुसरं म्हंजी सोनं, आन मी परकी बाई. एका वर्षी आवनीच्या, म्हंजी भात लावायच्या दिवसांत ठकूबाई आली, भाताच्या खाचरात घसरून खांद्यावर पडलेली, सत्तरीची म्हातारी, खांद्याचा लगेच फोटो पायजेल, आन बाई डोरलं काढंना. म्हनली, मपलं डोरलं मी तुला देते, पन तू मला काय देते? मी इकडं तिकडं बघितलं. माझ्याकडं काय हुतं द्यायला? मी छातीवरचा बिल्ला काढला आन तिच्या मुठीत दिला. म्हनलं, मावशी, हा सरकारचा हाय, ह्याच्याबिगर मला इथं काम करता येत न्हाई, तुमचं माझ्यापाशी, माझं तुमच्यापाशी. तिनं तो उलटापालटा करून बघितला आन डोरलं काढून दिलं. मी किरनं अडवनाऱ्या काचेच्या मागं गेले, बटन दाबलं, फोटो झाला, तिचं तिला, माझं मला.

मंग ती सवयच पडली. गावागावात बायांनी एकमेकींना सांगितलं का एक्स-रेवाली बाई तारन देती. बाया आल्या का हातच पुढं करायच्या. मी काचेच्या मागं, बिल्ला त्यांच्या मुठीत, आन मूठ मशीनखाली. आता तुमी म्हनाल, एवढं शिकलेली बाई, हिला कळलं न्हाई? शिकले हुते हो. पन डोक्यात एकच बसलेलं, का मी तर काचेमागं हाय, मला काय हुतंय. तो मुका बिल्ला तिकडं बसून मोजतोय हे ध्यानातच आलं न्हाई.

तीन महिन्यांनी बिल्ला गेला आन मंग मुंबईच्या ऑफिसातून पत्र आलं. माझ्या बिल्ल्यावरचा आकडा हद्दीबाहेर, कारन लिहून द्या, तपास हुईपर्यंत मशीनजवळ जायचं न्हाई, आन रक्त तपासायला पाठवा. डॉक्टरसाहेब तरुन मानूस, मशीनची समदी जबाबदारी त्यांच्याच नावावर. त्यांचा चेहराच उतरला. त्यात परवान्याची मुदतबी भरत आलेली. नर्स नसले तरी दवाखान्यात समदे मला सिस्टरच म्हनत्यात, ते म्हनले, सिस्टर, आठवा काय झालं ते. मी शपथ घेऊन सांगितलं का साहेब, बिल्ला माझ्या छातीवरून हालत न्हाई. आन मला खरंच तसंच वाटत हुतं, दोन मिनिटं बायांच्या मुठीत जायचा ते इतकं सवयीचं झालेलं का माझ्या हिशेबातच नव्हतं, खोटं बोलत नव्हते मी.

ते दिवस लई वाईट गेले. मशीन चालवायला दुसरं कोन न्हाई, म्हनून खोलीला कुलूप. पाय मोडलेली मानसं जीपमधी घालून खाली तालुक्याला, अकोल्याला न्यायला लागायची, दनके खात, आन मी केसपेपरच्या खिडकीत बसून ते बघायची. आन जीवाची भीती तर हुतीच. अंगात काय शिरलंय, कधी काय निघंल, लेकीचं कसं. लेक फोनवर म्हनायची, आई, सोड ती नोकरी. मला वाटायचं परवाना गेला तर हे मशीन कायमचं बंद, आन ते माझ्यामुळं.

एक दिवशी ठकूबाई आली. खांदा परत दुखायला लागला हुता. डॉक्टर माझ्या खिडकीपाशीच उभे हुते. तिनं मला बघितलं, पदराखालून डोरलं वर काढलं आन म्हनली, चल गं बाई, काढते मी, तुपला तो बिल्ला दे आधी मपल्या हातात, मागल्या येळंसारखा.

डॉक्टर गर्रकन माझ्याकडं वळले. तवा डोक्यात उजेड पडला का किरनं त्या बिल्ल्यावर पडली, माझ्यावर न्हाई, आन असं हलकं वाटलं का मी खिडकीत बसूनच रडले. ते अंगात काय शिरलंच नव्हतं हो!

डॉक्टर लई बोलले मला, आन त्यांचं बरोबर हुतं. आमचा क्लार्क म्हनला, सिस्टर, लिहा का बिल्ला चुकून खोलीत पडून राहिला, मिटून जाईल. मी म्हनलं न्हाई. मी दोन पानं लिहिली, ठकूबाईचं डोरलं, आवनी, तारन, समदं. डॉक्टरांनी वाचलं आन तसंच पाठवलं. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. मुंबईनं कडक ताकीद दिली, परत ट्रेनिंगला बसवलं, पन तो आकडा माझ्या अंगावरचा न्हाई हे मानलं. नवा बिल्ला आला, परवानाबी नवा झाला.

कुलूप काढलं त्या दिवशी पहिली ठकूबाईच. मी सांगितलं, मावशी, आता बिल्ला देता येनार न्हाई, तो माझ्या छातीलाच पायजेल. तिनं जरा इचार केला आन म्हनली, वाक. मी वाकले तर तिनं डोरलं काढून सरळ माझ्या गळ्यात घातलं. मी दचकले, म्हनलं, मावशी, अहो मी विधवा हाय, मला नका घालू. तर म्हनती कशी, मंग काय मपला म्हातारा मरतो व्हय त्यानं? जल्मभर बिड्या ओढून मेला न्हाई तो!

मी काचेमागं गेले. छातीला बिल्ला, गळ्यात तिचं डोरलं, किती वर्षांनी गळ्यात काळे मनी आले हुते. बटन दाबताना डोळ्यात पानी, आन तिकडून ती वरडते, झालं का गं?

आता समद्या बाया तसंच करत्यात. कोन हातात देती, कोन गळ्यात घालती, तारन कोन मागत न्हाई. मी सुखात हाय. परवा ठकूबाई जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हनली, तुपला लाल दिवा असाच लागत राहू दे बाई. मी म्हनलं आमेन, आन पुढचीला हाक मारली.