बाळाला बाळंतपणाची तारीख

लसीच्या रांगेत माझं बाळ माझ्या कुशीत होतं आणि शेजारी एक सासू-सून होत्या. त्यांचं बाळ सासूच्या मांडीवर, लॅपटॉप सुनेच्या.

"चार वाजता कोडिंग क्लासच्या सरांना हा प्रोग्राम दाखवायचाय, आई. नाही जमलं तर पुन्हा नवशिक्यांच्याच बॅचमध्ये."

"अडलंय कुठे?"

"दवाखान्याचं ॲप आहे. त्यात आईच्या माहितीचा एक साचा केला, नाव, पत्ता, बाळंतपणाची तारीख असा, आणि बाळ त्याच साच्यातून काढलं. म्हटलं, सगळं परत लिहायला नको."

"बरोबर आहे की. नाक तर तुझंच घेतलंय त्याने."

"सर म्हणाले, बाळ म्हणजे एका प्रकारची आई का? आता ॲप बाळालाच बाळंतपणाची तारीख विचारतंय."

"अगं, चार महिन्यांचं आहे ते."

"हसू नका ना."

"नाही हसत. मग आता काय करायचं?"

"बाळाला स्वतःचा साचा द्यायचा. आईशी फक्त नातं जोडायचं."

"मग दे की. हात का थांबले?"

"त्याला आता सुई टोचतील. माझ्याच पोटात गोळा आलाय."

"त्याच्या पोटात नाहीये. पंखा बघतोय मजेत."

नर्सने नंबर पुकारला. सून लॅपटॉप मिटून उठू लागली.

"तू बस. मी नेते त्याला."

"रडला तर?"

"रडेल. त्याचं तो रडेल, तू तुझं लिही."

दार लोटलं गेलं. थोड्या वेळाने आतून टाहो ऐकू आला. सुनेची बोटं थांबली, मग पुन्हा टकटक सुरू झाली. माझ्या कुशीतलं बाळ मी थोडं सैल धरलं.

सासूबाई हुंदके देणाऱ्या नातवाला थोपटत बाहेर आल्या.

"याचं झालं. तुझं?"