देवरायीतला पाचवा कौल

मंडळी, मला एक सांगा — देवाला प्रश्न विचारायचा, देव 'नको' म्हणाला, तर पुन्हा का विचारायचा? उत्तर ऐकायचंय, की होकार उकळायचाय?

कोकणात तळसुरे नावाचं गाव. देवरायीत ऐनाचं जुनं झाड, त्याच्या मुळाशी झरा. खालच्या वाडीतली आनंदी घाडी — नवरा गेलेली, पदरात दोन लेकी — त्याच झऱ्यावर जगायची.

अन् बातमी आली! शाश्वत विकासाच्या परिषदेचे परदेशी पाहुणे देवरायी बघायला येणार! सरपंच विश्राम परब हरखला. मांडव कुठे? देवरायीतच! मध्ये ऐन येतोय? तोडा! अहो, झाडं राखली म्हणून पाहुणे येणार — आणि त्यांना बसवायला झाड तोडणार! हसू नका, लाज वाटू द्या!

पण रिवाज असा, की देवाच्या कौलाशिवाय तिथे काडी मोडायची नाही. गुरवाने पाषाणाला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पडली डावी! पुन्हा लावली — डावी! चारदा डावी!

आनंदी पुढे झाली. "विश्रामा, देव नको म्हणता. ऐक मा रे!"

विश्राम म्हणाला, "उकडता खूप. पंखो लावा!"

पाहुण्यांसाठी आणलेला उभा पंखा घरघरला — पाचव्यांदा उजवी पडली! वाजवा टाळ्या! तोडा ऐन!

पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी दुभाष्याकरवी विचारलं, "हे झाड का तोडलं?"

"देवाचो कौल!" विश्रामने हात जोडले.

आनंदी उठली. "खोटा! देवान चारदा नको म्हटल्यान. पाचव्या खेपेक हो म्हटल्यान, ता तुमच्या पंख्यान!"

दुभाष्याने काय सांगितलं ठाऊक आहे? "ह्या गावच्या बाई म्हणतात, गाव फार आनंदात आहे." पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या!

फाल्गुनात झरा आटला. आनंदी लेकींना घेऊन दीड कोस नदीवर जाऊ लागली.

आता त्या पाहुण्यांचं बघा. जगातले देश एकत्र बसतात, शपथा घेतात, मुदत ठरवतात. नद्या आटतात, डोंगर कोसळतात — धरणी डावा कौल देते! हे काय करतात? पुढच्या साली दुसऱ्या शहरात बसून पुन्हा विचारतात!

आणि तुम्ही? मान डोलावू नका! गेल्या महिन्यात सभामंडपासाठी या देवळामागचा वड तोडलात. इथल्या गुरवाला मी आज विचारलं — कौल कितीदा लावला होता?

तो खाली बघत राहिला. तुम्हीही आता खालीच बघताय. बघा — आणि तसेच मान खाली घालून विठ्ठलाचं नाव घ्या!