मुठी गाडीच्या होत्या

मी बाळकुमचा. आता तुम्ही ते टॉवर बघत बघत आलात ते बाळकुम नाय, आमचं बाळकुम खाली, खाडीच्या अंगाला. बाप खाडीत जाळं टाकायचा, आई डोक्यावर पाटी घेऊन टेंभी नाक्यापर्यंत मासे विकत जायची, आणि मग कारखाने आले, त्यांचं पाणी खाडीत आलं, माशांना रॉकेलचा वास मारायला लागला. असले मासे कोण घेणार? बापाने जाळं माळ्यावर टाकलं ते टाकलंच. मग मी कल्याणला बर्फाच्या कारखान्यात लागलो. कोळ्याचं पोर पाण्यातून निघालं आणि बर्फात पडलं, असं आई बोलायची.

बर्फाचं काम काय असतं ते तुम्हाला पंख्याखाली बसून नाय कळायचं. साच्यातून बर्फाची लादी सुटली की आकड्याने ओढायची, हाताने सरळ करायची, गाडीत चढवायची, परत दुसरी, परत तिसरी. हातमोजे मागितले तर मॅनेजर बोलला, मोज्यातून लादी सटकते, आणि कोळ्याला कधी थंडी वाजते का रे. वर हसला. चहाचा कप होता त्याच्या हातात, गरम. हळूहळू माझी बोटं पांढरी पडायला लागली, पांढरी म्हणजे मेलेल्या माणसासारखी, सुई टोचली तरी कळायचं नाय. डॉक्टर बोलला, बोटांत रक्त पोचत नाय, हात गरम ठेवा. अरे बाबा, बर्फाच्या कारखान्यात हात गरम कुठून ठेवू? सांगणाऱ्याचं काय जातं.

त्यात रात्रपाळी सुटली की पहाटे मोटरसायकलवरून घरी यायचं, कोन गावावरून, भिवंडीवरून, आणि कशेळीच्या पुलावर थंडीत खाडीचा वारा असा लागायचा की काय सांगू तुम्हाला. एकदा पुलावर पुढचा ट्रक थांबला आणि माझी बोटं ब्रेकवर वळेचनात. पायाचा ब्रेक दाबला, गाडी आडवी, मी ट्रकच्या चाकाशी. वाचलो. घरी आलो तर सुमनने, आमच्या बायकोने, चावी पदराला बांधली, बोलली आता गाडी बंद. पण त्या वेळेला दुसरं काय मिळतंय घरी यायला, आणि नोकरी सुटली तर खायचं काय. ते तिला पण माहीत, मला पण माहीत, संध्याकाळी तिनेच पदराची गाठ सोडून चावी हातात दिली.

सुमनचा भाऊ वसंत बोटीवर खलाशी. त्याच्यापुढे ती रडली, तर पुढच्या खेपेला त्याने जपानहून मुठी आणल्या. हँडलच्या रबरी मुठी, पण आतून तार, बॅटरीला जोडली की गरम होणाऱ्या. तिकडे बर्फात गाडी चालवतात ना लोक. मी ठाण्यातले दोन-तीन मेकॅनिक फिरलो, सगळे हसले. एक बोलला, ठाण्यात हात शेकतोस? मग सीटखाली चूल पण लावून घे. हसा, तुमच्या बापाचं काय जातंय, बोटं माझी होती.

शेवटी कल्याणला दुर्गाडी किल्ल्याकडे सलीमभाई होता, गाड्यांचं वायरिंग करायचा, तो नाय हसला. त्याने माझी बोटं बघितली आणि जुन्या मुठी ब्लेडने कापून काढल्या. नव्या साबणाच्या पाण्याने सरकवल्या. ॲक्सिलेटरच्या बाजूची वायर मुद्दाम सैल ठेवली, नायतर मूठ फिरवून फिरवून तुटली असती. मग बोलला, बघ, बॅटरी लहान आहे, इंजिन चालू असेल तरच बटण दाब, आणि हेडलाइट आणि मुठी एकत्र नाय चालणार, उजाडलं की मुठी लाव. म्हणजे एकतर रस्ता दिसणार नायतर हात वाचणार. चालेल, बोललो. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पुलावर आलो, बटण दाबलं, आणि थोड्या वेळाने बोटांत मुंग्या आल्या. खरं सांगतो, मी रडलो.

आता पुढचं ऐका. सुमन नळावर बोलून गेली, माझ्या भावाने ह्यांना परदेशातून मुठी आणल्यात. झालं. मूठ म्हटलं की आमच्या लोकांना एकच मूठ माहीत, मंतरून मारतात ती. त्याच दिवसांत आमच्या शेजारणीचा, हिराबायचा मुलगा तापाने अंथरुणाला खिळलेला. मी गाडीवरून उतरून वाण्याकडे गेलो, तर तिने माझा हात धरून बघितला आणि ओरडली, ह्याचा हात बर्फाचा असायचा, आता ऊन कसा? ह्यानेच माझ्या पोरावर मूठ मारली! मग काय, देवळापुढे माणसं जमली, मला बोलावलं, मूठ खाडीत सोड नायतर गावातून जा. बोटं मेली तेव्हा एक माणूस विचारायला नाय आला, आणि ऊन झाली तर अख्खा गाव गोळा. असा संताप आलेला मला, असा संताप. मुठी सोडल्या तर पुलावर मरायचं, नाय सोडल्या तर गाव सोडायचं.

मी गाडीच नेली देवळापुढे. चालू केली, बटण दाबलं, आणि हिराबायला बोललो, धर. धर तू, बघू कोण मरतंय. ती घाबरली, पण धरल्या तिने, दोन्ही हातांनी. मी तोंडात चार शिव्या तयार ठेवलेल्या. गाव बघतंय, गाडी फटफट करतेय, आणि म्हातारी मुठी सोडेना. मग माझं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. पांढरी. माझ्यासारखीच. जन्मभर बाजारात बर्फात हात घालून मासे उकरलेले तिने. मी बटणाकडे हात नेला तशी ती हळूच बोलली, बंद नको करू रं, जरा थांब.

काय भांडणार तिच्याशी? ती बाजूला झाली तशी दुसरी एक आली, मग तिसरी, सगळ्या बाजारवाल्या, इतकी वर्षं पदरात बोटं लपवलेल्या. कोणी हसलं नाय. पेट्रोल जळत होतं, जळू दिलं. हिराबायच्या मुलाला कावीळ निघाली, औषधाने बरा झाला, पण तोपर्यंत कोणाला मूठ आठवत पण नव्हती.

हिराबाय असेपर्यंत थंडीत बाजाराला निघायच्या आधी आमच्या दारात यायची, आरं, गाडी चालू कर. आता ती नाय, कारखाना नाय, तो मॅनेजर कुठे आहे कोणास ठाऊक, कुठे असेल तिथे चहा पीत असेल. त्याच्यावरचा राग माझा जाणार नाय, सांगून ठेवतो. गाडी पडवीत आहे, मुठींचं रबर चिरलंय, भंगारवाला येतो आणि परत जातो. चला, उठताय? हात मिळवा, पण थंड लागेल, दचकू नका. देव तुमची बोटं ऊन ठेवो.